रुग्णालयातील कचेरीकाम : प्रमाणपत्र की पदवी?

(संस्थेच्या निलंगा येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील शिक्षणविषयक बैठकीत केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा मी प्रथम नकारच कळविणार होतो. मी वक्ता नव्हे, विद्वान तर नव्हेच. चौतीस वर्षे मी रुग्णालयाच्या नोंदणी-विभागात कारकुनी केली. केसपेपर, रजिस्टरे आणि पुढे पुढे संगणक यांच्या सहवासात माझे आयुष्य गेले. परंतु चिटणीसांनी असे लिहिले होते की, शिष्यवृत्तीच्या अर्जांबरोबर हल्ली पालक एक प्रश्न वारंवार विचारतात : मुलाला किंवा मुलीला दवाखान्यातील कचेरीच्या कामाचा सहा महिन्यांचा अगर वर्षाचा कोर्स करू द्यावा, की तीन वर्षे घालवून पदवी घेऊ द्यावी? या प्रश्नाचे उत्तर देताना मी स्वतः एकदा चुकलो आहे, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याला भरावी लागली. तेवढ्याच अधिकाराने मी आज आपणापुढे उभा आहे.

हा प्रश्न आपल्या भागात इतक्या घरांतून का उठतो, हे प्रथम पाहू. लातूरचे नाव आज साऱ्या महाराष्ट्रात परीक्षेच्या तयारीसाठी घेतले जाते. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आपल्या आयाबहिणींच्याही तोंडी आहे. निलंगा, औसा, देवणी, उदगीर येथील मुले बारावी विज्ञानाला लातुरास खोली घेऊन राहतात. प्रत्येक घराला वाटते की आपला मुलगा डॉक्टर व्हावा. इच्छा वाईट नाही. पण 'नीट'ची परीक्षा देणारे पुष्कळ आणि जागा मोजक्या. एक वर्ष जाते, दुसरे जाते, कधी तिसरेही जाते. मग घरात एक दिवस असा उगवतो की बाप म्हणतो, 'डॉक्टरकी जमली नाही, निदान दवाखान्यात तरी चिकटावा.' त्याच आठवड्यात कोणी तरी एक जाहिरातीचा कागद हातात आणून देतो : 'सहा महिन्यांत रुग्णालयात नोकरी.' थकलेल्या घराला तो कागद देवासारखा वाटतो. म्हणून मी म्हणतो की हा निर्णय बहुधा निराशेच्या घडीला घेतला जातो, आणि निराशेच्या घडीला घेतलेला निर्णय पुन्हा एकदा तपासून पाहावा.

आता हे काम म्हणजे तरी काय? लोकांना वाटते, खिडकीत बसून नाव लिहून घेणे. बंधूंनो, नाव लिहून घेणे हेच किती जोखमीचे काम आहे! प्रसूतीनंतर रुग्णालयातून जन्माची जी खबर जाते, ती २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे पोचावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणीचा मूळ कायदा १९६९ सालचा. त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जातो. म्हणजे नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीने घाईने आईचे नाव चुकीचे लिहिले, तर ती चूक त्या बाळाच्या मागे जन्मभर फिरेल.

मृत्यूच्या बाबतीतही तसेच. मृत्यूचे कारण डॉक्टर लिहितात. पण 'हृदयक्रिया बंद पडली' एवढे लिहून भागत नाही, कारण हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच शेवटी बंद पडते. मुळात कोणत्या आजाराने माणूस गेला, हे हवे असते. जाणता नोंदणी-कर्मचारी तो कागद अदबीने डॉक्टरसाहेबांपुढे परत ठेवतो. अजाण कर्मचारी तसाच पुढे धाडतो. या कारणांची जगभर एकच यादी असावी म्हणून १८९३ साली जाक बर्तियाँ या फ्रेंच गृहस्थाने केलेल्या वर्गीकरणापासून सुरुवात झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याच परंपरेतील अकरावी आवृत्ती २०२२ च्या १ जानेवारीपासून लागू झाली. प्रत्येक आजाराला ठरलेला संकेतांक असतो. तो नेमका लावणे यालाच 'कोडिंग' म्हणतात, आणि ते करण्यासाठी शरीराची व आजारांची भाषा थोडीतरी समजावी लागते.

शिवाय आज योजनांचे काम फार वाढले आहे. २०१२ साली राज्यातील आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' सुरू झाली, पुढे ती साऱ्या राज्यात आली, आणि २०१७ पासून ती 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' या नावाने चालते. २०२३ साली शासनाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. गरिबाला हा मोठा आधार आहे. पण शिधापत्रिकेवर 'गोविंद' आणि आधारकार्डावर 'गोविंदराव' असले, की कागद अडतो. शस्त्रक्रियेपूर्वीची मान्यता मागताना एक तपासणी-अहवाल जोडायचा राहिला, की मान्यता अडते. रुग्ण खाटेवर आणि नातेवाईक खिडकीपुढे. त्या घटकेला डॉक्टरांइतकाच तो कचेरीतला माणूस कामाला येतो.

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरची पहाट येथील प्रौढ मंडळी विसरली नसतील. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. त्या दिवसांत नातेवाईक एकेका रुग्णालयात आपले माणूस शोधत फिरत होते, आणि आमच्याजवळ त्यांना सांगण्यासाठी एकच साधन होते, ते म्हणजे भरतीचे रजिस्टर. ज्या जखमीचे नाव-गाव कोणी नीट लिहून घेतले होते, त्याचा पत्ता लागला. ज्याचे राहून गेले, त्याच्या माणसांनी वॉर्डावॉर्डातून तोंडे पाहत शोध घेतला. तेव्हापासून कारकुनी हा हलका शब्द मी कधी हलकेपणाने उच्चारला नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. २००३ सालची गोष्ट. माझी एक भाची बारावी झाली. गुण बरे होते, पण घरची शेती कोरडवाहू आणि मागे दोन भावंडे. त्या काळी 'मेडिकल ट्रान्सक्रिप्शन' या कामाचा मोठा बोलबाला होता. अमेरिकेतील डॉक्टर बोलून ठेवत, आणि आपली मुले ते ऐकून टंकलिखित करीत. शहराशहरांतून त्याचे वर्ग निघाले होते. मी रुग्णालयात नोकरीला, तेव्हा घरात माझा शब्द प्रमाण. मी सांगितले, 'पदवीला तीन वर्षे कशाला घालवता? वर्षाचा कोर्स करू द्या, लगेच हाताला काम लागेल.' बहिणीने पाटल्या गहाण ठेवून शुल्क भरले. भाचीने कोर्स उत्तम केला. सुरुवातीस काम मिळालेही. पुढे बोललेले आपोआप लिहून काढणारी यंत्रे सुधारत गेली, काम घटले, दर घटले, आणि जेथे ती शिकली तो वर्ग बंदही पडला. हातात राहिला एक रंगीत कागद, ज्यावर कोणत्याही विद्यापीठाचा अगर शासकीय मंडळाचा शिक्का नव्हता.

ती खचली नाही. लातुरास एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसली. इंग्रजी वैद्यकीय शब्द तिला येत होते, बोटे वेगाने चालत होती, म्हणून तिचे काम डोळ्यांत भरले. परंतु आठ-नऊ वर्षांनी विभागप्रमुखाची जागा निघाली, तेव्हा जाहिरातीत पहिली अट होती : 'कोणत्याही शाखेची पदवी.' तिने ज्या मुलाला काम शिकविले होते, तोच तिचा वरिष्ठ झाला. त्या दिवशी ती माझ्याकडे आली. रागावली नाही, एवढेच म्हणाली, "मामा, तुम्ही कोर्स करायला सांगितलं, ते चुकलं नाही. कोर्स झाल्यावर पुढं काय, ते सांगितलं नाही, ते चुकलं." त्यानंतर तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरी, संसार आणि लहान मूल सांभाळून पुरी केली. आज ती एका नोंदणी-विभागाची प्रमुख आहे. पण जे विसाव्या वर्षी सहज झाले असते, ते तिला तिशीनंतर रात्रीचे दिवे जाळून करावे लागले. माझ्या बहिणीच्या पाटल्या सुटल्या. मुलीची ती वर्षे कोठून सोडवून आणणार?

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. आमच्याच विभागात एक पदवीधर तरुण आला. पदवी पहिल्या वर्गाची. पण आंतररुग्ण आणि बाह्यरुग्ण यांचे रजिस्टर वेगळे का, हे त्याला ठाऊक नव्हते. पोलिसांकडे ज्यांची खबर द्यावी लागते, ते अपघाताचे व विषबाधेचे कागद कोणाच्या हाती द्यावयाचे आणि कोणाच्या नाही, हेही ठाऊक नव्हते. दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे जतन कराव्या आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या, असे २००२ सालचे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम सांगतात. ते त्याने ऐकलेही नव्हते. पहिले सहा महिने त्याला बरोबरच्यांनी सांभाळून घेतले. पदवी होती म्हणून तो आत आला खरा, पण कामाची ओळख नसल्यामुळे खालीच बसून राहिला. तेव्हा पदवी म्हणजे सर्व काही, असेही मी म्हणत नाही.

प्रमाणपत्र मुळात हलके असते असेही नाही. केंद्र सरकारने नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि पुदुच्चेरीची जिपमेर संस्था येथे वैद्यकीय नोंदी-तंत्रज्ञांचे सहा महिन्यांचे आणि नोंदी-अधिकाऱ्यांचे एक वर्षाचे प्रशिक्षण चालविले, आणि त्या कागदावर अनेकांनी आयुष्यभर मानाची नोकरी केली. मुदत सहा महिन्यांची आहे की तीन वर्षांची, एवढ्यावरून कागदाची किंमत ठरत नाही. तो कोणी दिला आणि त्याच्या पुढची पायरी कोणती, यावर ती ठरते.

आपल्या वैद्यकीय इतिहासातही हे एकदा घडून गेले आहे. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या १९१२ साली स्थापन झालेल्या संस्थेची एल. सी. पी. एस. ही परीक्षा उत्तीर्ण झालेले डॉक्टर एके काळी गावोगाव होते. त्यांनी गोरगरिबांची फार सेवा केली. पण १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला की देशात डॉक्टरांची एकच पातळी असावी आणि ती पदवीची असावी. समितीतील काही सभासदांचे मत निराळे होते, तरी पुढे देश त्याच वाटेने गेला. जुन्या डॉक्टरांची विद्या काही नाहीशी झाली नाही, पण पदव्यांच्या ओळीत ते एक पायरी खाली गेले. ज्यांनी तरुणपणीच पुढचा अभ्यास करून पदवी मिळविली, ते वर चढले.

निलंग्याच्या माणसाला तर हे वेगळे सांगावयास नको. आपला तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. निजामाच्या अमलात कचेरीची भाषा उर्दू होती. वडीलधारी मंडळी सांगत की उर्दूत अर्ज लिहिणाऱ्याला त्या काळी मोठा मान असे. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले, आणि कचेरीचा कागद मराठी झाला. ज्यांचे शिक्षण अर्जाच्या ठराविक मजकुरापुरतेच होते ते अडखळले. ज्यांचा पाया रुंद होता त्यांनी वर्ष-दोन वर्षांत नवी रीत उचलली. कचेरीची रीत पुन्हा बदलणारच, हे धरून मुलांचे शिक्षण आखले पाहिजे.

तशी ती बदलतेही आहे. २०२१ साली संसदेने आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात आरोग्य-माहितीचे व्यवस्थापन हा एक स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्यात वैद्यकीय नोंदींचे विश्लेषक, संकेतांक लावणारे आणि वैद्यकीय सचिव व टंकलेखक यांचीही गणना केली आहे. म्हणजे ज्या कामाला आपण 'दवाखान्यातले ऑफिस' म्हणतो, त्याला कायद्याने व्यवसायाचा दर्जा दिला. त्याच कायद्याने संलग्न आरोग्य-व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले पदविका अगर पदवी शिक्षण सांगितले आहे, आणि आरोग्यसेवा-व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांची पदवी. आता आपणच हिशेब करा. रोज सहा तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तरी सहा महिन्यांच्या वर्गाचे ९०० तास होतात. खिडकीवरची नोकरी या ९०० तासांवर आजही मिळेल. परंतु नोंदणीकृत व्यावसायिक म्हणून उभे राहावयाचे, तर ते पुरणार नाहीत.

सरकारी कचेरीचा विचार केला तरी तेच. राज्य लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी पदवी लागते, आणि तिच्याबरोबर मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा दाखला लागतो. तेथे पदवी की प्रमाणपत्र असा वादच नाही. दोन्ही मागतात.

मग आपण काय करावे? घराघराची स्थिती निराळी, म्हणून मी तीन प्रकारांनी सांगतो.

ज्या घराला तीन वर्षांचा भार सोसणे शक्य आहे, त्याने पदवीच धरावी. विद्यापीठाशी संलग्न अशा ठिकाणी रुग्णालय-व्यवस्थापनाची अगर आरोग्य-माहितीची पदवी मिळत असेल तर उत्तम. नसेल तर वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची चालेल. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात महाविद्यालये पुष्कळ आहेत. मात्र सुटीच्या दिवसांत टंकलेखन, संगणक आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष काम यांची ओळख करून घ्यावी.

ज्या घराला उद्याच पगार हवा आहे, त्याने लाज न बाळगता प्रमाणपत्र घ्यावे, पण ते शासनमान्य मंडळाचे असावे. आणि नोकरी लागली की त्याच वर्षी मुक्त विद्यापीठात नाव घालावे. 'पुढे पाहू' म्हणू नये. पुढे लग्न येते, मूल येते, वडिलांचे आजारपण येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका आणि तिसऱ्या वर्षाअखेर पदवी, अशी टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची व पुन्हा येण्याची सोय ठेवली आहे. तिची चौकशी महाविद्यालयात अवश्य करावी.

तिसरा प्रकार सुनांचा आणि लेकींचा, ज्यांचे शिक्षण लग्नामुळे अर्धवट राहिले. त्यांना मी आग्रहाने सांगेन की हे काम स्त्रियांना फार चांगले साधते, आणि तालुक्याच्या गावातही मिळते. सासरच्या मंडळींनी त्यांना वर्षभराची मोकळीक द्यावी. मोकळीक म्हणजे केवळ परवानगी नव्हे. सकाळच्या स्वयंपाकाचा भार दुसऱ्याने उचलला पाहिजे.

आणि पैसे भरण्यापूर्वी कोणत्याही वर्गाच्या चालकाला चार प्रश्न विचारा. प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा? तो शिक्का देणाऱ्या मंडळाच्या यादीत आपले नाव आम्हाला दाखवाल काय? प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम शिकविणार, आणि कोणत्या? मागील वर्षीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, त्यांतील दोघांशी आम्हाला बोलता येईल काय? जो चालक या प्रश्नांनी रागावेल, त्याला नमस्कार करून परत यावे. नोकरीची हमी तोंडी देतो आणि शुल्क मात्र एकरकमी मागतो, त्याच्या दारात तर उभेही राहू नये.

शेवटी संस्थेला एक विनंती. आपण दरवर्षी वैद्यकीय प्रवेश मिळविणाऱ्या मुलांचा शाल-श्रीफळ देऊन गौरव करतो. तो जरूर करावा. पण शंभर मुलांतील पाच-दहांचा गौरव करताना उरलेली नव्वद मागच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवीत असतात, त्यांच्याकडेही आपले लक्ष जावे. मी सुचवितो की शिष्यवृत्ती-निधीतून थोडी रक्कम अशा मुलामुलींसाठी वेगळी ठेवावी, जी नोकरी करीत करीत पदवी पुरी करीत आहेत. मुक्त विद्यापीठाचे शुल्क फार नसते, पण परीक्षेच्या वेळी तेही घरात नसते. तसेच आपल्यापैकी जे रुग्णालयांत, औषधालयांत, विमा-कचेऱ्यांत नोकरी करून निवृत्त झाले, त्यांनी महिन्यातून एक रविवार येथे येऊन मुलांचे कागद तपासून द्यावेत. पहिल्या रविवारी मी येईन, हे मी या व्यासपीठावरून कबूल करतो.

त्या वर्षी माझ्या बहिणीला असा एखादा माणूस भेटला असता, तर त्याने माझा सल्ला पुरा केला असता. तो अर्धाच होता, हे कळावयास मला फार उशीर झाला. आपल्या घरी उद्या हा प्रश्न निघेल, तेव्हा 'हा कोर्स करावा की नाही' एवढ्यावर थांबू नका. 'त्यानंतर काय' हेही त्याच बैठकीत ठरवा, आणि ते मुलीच्या किंवा मुलाच्या समक्ष ठरवा, कारण वर्षे त्यांची जाणार आहेत.